वैरण अड्डा स्थानकावर बस थांबवण्याची पद्धत

वेगवान वाहतुकीचा सगळा डोलारा थांब्यावर उभा असतो. बस कुठंतरी थांबल्याशिवाय ती किती जोरात आली हे कळणार कुणाला? हे मूलतत्त्व ओळखून दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला कोल्हापुरात करवीर जलद बस मंडळ स्थापन झालं, आणि शहरातून कसबा बावड्याकडं जाणाऱ्या रस्त्याच्या बरोबर मधोमध, वैरण अड्डा आणि प्रज्ञानगर या दोन वस्त्यांसाठी, पहिलं जलद बस स्थानक उभं राहिलं. (नाव 'वैरण अड्डा स्थानक' एवढंच ठेवलंय. प्रज्ञानगरचं नाव दुसऱ्या टप्प्यात घ्यायचं ठरलं आहे. दुसरा टप्पा कुठला, हे ठरायचं आहे.)

स्थानक देखणं, वादच नाही. काचा, स्टीलचे कठडे, आणि फरशी इतकी गुळगुळीत की उद्घाटनाच्या दिवशी दोन पुढारी घसरून पडले. त्यातला एक खरोखर पडला. दुसरा, पेपरात त्याचं एकट्याचं नाव येऊ नये म्हणून.

आता स्थानक बांधणारी समिती वेगळी होती आणि बसगाड्या घेणारी समिती वेगळी. दोन्ही समित्यांचं काम निर्दोष. स्थानकाचा ओटा बसच्या उजव्या अंगाला येत होता, आणि बसचं दार डाव्या अंगाला होतं, एवढाच काय तो फरक. बसची उंची मात्र ओट्याशी तंतोतंत जुळवलेली, म्हणजे रस्त्यावर उभं राहून चढायचं म्हटलं तर दाराची पायरी माणसाच्या छातीला लागायची. दोन्ही टोकांच्या डेपोत शिड्या ठेवल्या होत्या, तिथं अडचण नव्हती. मधल्या या एकाच स्थानकाचा प्रश्न होता. मंडळानं तातडीची बैठक घेतली आणि एकमतानं ठरलं, की ज्या स्थानकात प्रवाशाला चढता येत नाही तिथं बस थांबवणं म्हणजे इंधनाची आणि वेळेची नासाडी आहे, सबब बसनं थांबू नये. पहिल्याच महिन्यात प्रवासाचा वेळ घटला. मंडळाचा अहवाल सांगतो की वैरण अड्डा स्थानकात चेंगराचेंगरी, पाकीटमारी आणि सुट्ट्या पैशांवरून वाद यांचं प्रमाण शून्य टक्के आहे. एवढं सुरक्षित स्थानक महाराष्ट्रात दुसरं असेल असं वाटत नाही.

जुना साधा बसथांबा तेवढा उखडून टाकला होता. त्यामुळं दोन्ही वस्त्यांतली माणसं सकाळी उठून उलटी चालत बावड्याच्या डेपोत जायची, तिथं शिडीवरून बसमध्ये चढायची, आणि ती बस त्यांना त्यांच्याच घरावरून, न थांबता, वाऱ्यासारखी शहरात न्यायची. चुलीवर दूध राहिलंय, हे काहींना तेवढ्यात खिडकीतून दिसायचं.

हे सगळं दीप्ती मधाळे रोज बघत होती. प्रज्ञानगरची पोरगी, बी.ए. झालेली, रस्त्याकडेच्या एसटीडी बूथमध्ये बसायची. बाप लहानपणीच गेलेला. आई चिमणाबाई शाळेत पोरांची खिचडी शिजवायची आणि राहिलेल्या वेळात दीप्तीची काळजी करायची. बूथच्या काचेच्या खोक्यातून दीप्तीला बस येताना दिसायची, जाताना दिसायची, आणि दर वेळी हिचा हात आपोआप वर जायचा, जशी काही घंटीची दोरी डोक्यावर लोंबतीय. तिला कंडक्टर व्हायचं होतं. दुसरं काही नको होतं. "आई, मी कंडक्टर झालो न्हवं," ती म्हणायची, "की एक घंटी मारतो आणि बस हितं उभी करतो. बघतो कोण न्हाय म्हणतंय ते." चिमणाबाई म्हणायची, "आधी जेव."

बस थांबवण्याचा शोध मात्र दीप्तीनं लावला नाही. तो लागला एका म्हशीमुळं.

पाडव्याला आपल्याकडं म्हशी पळवतात. त्या वर्षी बस ड्रायव्हर आकाराम याच्या म्हशीनं शर्यतीत नंबर काढला. आता कोल्हापुरात पोरगं दहावीला बसलं तर सत्कार होतो, पास झालं तर सत्कार होतो, आणि नापास झालं तर पुढील वाटचालीस शुभेच्छा म्हणून होतो. तिथं नंबरातल्या म्हशीचा मालक मोकळा सुटतोय होय! वैरण अड्ड्याच्या वाघजाई तालमीचे अध्यक्ष बाळासो यांनी सत्काराचं मनावर घेतलं. बाळासो स्वतः मंडप डेकोरेटर. सकाळी नऊची बस आकाराम घेऊन येणार हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी चाकाच्या गाड्यावर स्टेज चढवलं, बसच्या राखीव मार्गिकेच्या कडेला लावलं, हलगीवाला उभा केला आणि स्वतः फेटा उघडून रस्त्यात उभे राहिले.

कोल्हापूरचा माणूस लाल दिवा बघून थांबेल न थांबेल, फेटा बघून थांबतो. आकारामनं करकचून ब्रेक मारला. तो उतरला, स्टेजवर आला, डोकं पुढं केलं. आणि फेट्याचे वेढे चालू असताना चिमणाबाईच्या ध्यानात आलं, की स्टेज बसच्या डाव्या अंगाला लागलंय आणि स्टेजची उंची बसच्या दाराएवढी आहे.

"अगं बया, दार समोरच आलं की!" असं म्हणून ती पिशवी घेऊन स्टेजवर चढली आणि सरळ बसमध्ये जाऊन बसली. तिच्यामागं वस्तीतली धोंडुबाई, केरबा आणि आणखी पाचसात जण गेले. वैरण अड्डा स्थानकाचे ते पहिले प्रवासी. वास्तविक त्यांचाही सत्कार व्हायला पाहिजे होता. (दुसऱ्या दिवशी झाला.)

दुसऱ्या दिवशी आकारामचाही पुन्हा झाला. आदल्या दिवशी बस थांबवल्याबद्दल. तिसऱ्या दिवशी त्याच्या म्हशीचा, तिच्या गैरहजेरीत. असं करत करत पद्धत बसली. नऊची बस सत्काराला थांबते, बाकीच्या थांबत नाहीत, हे सगळ्यांना पाठ झालं. अडचण एकच होती: स्टेजवर उगाच कुणी कसं चढायचं? त्याला काही शिस्त आहे का नाही? म्हणून बाळासोंनी प्रत्येक प्रवाशाला माईकवरून नाव घेऊन बोलवायचं, गुलाबाचं फूल द्यायचं आणि मग बसमध्ये सोडायचं, असं ठरवलं. कारण शोधायला तालमीची माणसं पटाईत. धोंडुबाईचा सत्कार अक्कलदाढ काढल्याबद्दल झाला. केरबाचा तंबाखू सोडल्याबद्दल झाला, आणि पुढच्या आठवड्यात तंबाखू पुन्हा सोडल्याबद्दल झाला. आकारामच्या घरी तर नारळ इतके साठले की त्याची बायको पाव्हण्यांना पाण्याऐवजी शहाळं समजून नारळच फोडून द्यायला लागली.

मंडळानं सुरुवातीला नोटीस काढली होती. वाहतुकीस अडथळा, कलम अमुक, कारवाई तमुक. पण नोटीस घेऊन आलेल्या साहेबालाच बाळासोंनी प्रमुख पाव्हणा केलं. फेटा घालून साहेब परत गेले, आणि त्या वर्षीच्या अहवालात या सगळ्या प्रकाराची नोंद 'लोकसहभाग' या सदराखाली झाली. वेळापत्रकावरही तोड निघाली. सत्काराला गेलेला वेळ हा प्रवासाचा वेळ धरायचा नाही, असं ठरलं. तेव्हापासून मंडळाची एकही बस उशिरा पोचलेली नाही. पाहिजे तर अहवाल बघा.

पुढं पुढं कार्यक्रम रंगायला लागला. दीपप्रज्वलन आलं, स्वागतगीत आलं, आभार आले. आभारात मंडप, खुर्च्या, लाईट, हलगी आणि पाऊस न पडल्याबद्दल निसर्ग यांचे आभार मानले जायचे. काही मंडळी नुसती कार्यक्रमाला यायची, टाळ्या वाजवायची, रिकाम्या बसला हात करायची आणि घरी जायची. कुठं जायचं होतं हे त्यांच्याही ध्यानात राहायचं नाही. आकारामसुद्धा मनोगत लांबवायला लागला. आधी तो "मी काय बोलणारा माणूस न्हाय" एवढंच म्हणायचा. मग ते वाक्य सिद्ध करायला त्याला दहा मिनिटं लागायला लागली.

आणि अशात मंडळाची जाहिरात आली: महिला कंडक्टर पाहिजेत.

दीप्तीनं अर्ज केला, लेखी परीक्षा दिली, पास झाली. शुक्रवारी सकाळी दहाला मंडळाच्या शहरातल्या ऑफिसात मुलाखत. एकच अट होती, आणि ती मंडळाच्या दूरदृष्टीला शोभणारीच होती. ज्या वस्तीला जलद बस स्थानक आहे तिथल्या उमेदवारानं आपल्याच स्थानकावरून, मंडळाच्याच बसनं यावं आणि तिकीट दाखवावं. सेवेची ओळख नको का? रिक्षा नको, सायकल नको, डेपोत चालत जाणं नको. म्हणजे दीप्तीला वैरण अड्ड्यावरून नऊचीच बस धरायला पाहिजे होती. सत्कार अर्धा तास, प्रवास वीस मिनिटं. बसत होतं. काठावर, पण बसत होतं.

चिमणाबाईनं आदल्या रात्री बजावलं, "दीपे, कुणास्नी बोलू नगंस. ह्या लोकांच्या कानावर गेलं की हार घिऊन येत्यात."

"तसं कसं आई? बाळासोमामास्नी सांगाय नको व्हय, कार्यक्रम आटपशीर घ्या म्हणून?"

"मी सांगायचं ते सांगितलं."

दीप्ती शिकलेली पोरगी. वेळ महत्त्वाची असेल तर संबंधितांना पूर्वकल्पना द्यावी, असं तिला वाटायचं. ती तशीच तालमीत गेली. बाळासो खुर्च्या मोजून घेत होते.

"मामा, उद्याचा कार्यक्रम जरा लवकर उरका की. मला धाला मंडळाच्या हापिसात हजर व्हायचंय."

"कशापायी गं?"

"मुलाखत हाय. कंडक्टरची."

बाळासोंनी हातातली खुर्ची खाली ठेवली. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. माणूस मनाचा वाईट नाही, हे इथं नमूद केलं पाहिजे. "आपल्या स्टॉपवरची पोरगी कंडक्टर! आणि तू उरका म्हणतीयास?"

"अजून झालो न्हाय मामा. झालो की घ्या की सत्कार, मी कुठं पळून चाललोय."

"झाल्यावर सगळं जग घेतंय गं. व्हायच्या आधी घ्यायला दानत लागती!"

आपण काय करून बसलो हे दीप्तीला त्याच क्षणी कळलं, पण तोवर बाळासो फोन फिरवायला निघाले होते. तेही तिच्याच बूथवर.

सकाळी स्थानकासमोर डिजिटल बोर्ड झळकला. बाळासो उभे, बाळासो बसलेले, काळे चष्मे लावलेले तालमीचे चौदा कार्यकर्ते, प्रमुख पाव्हणे म्हणून मंडळाचे उपव्यवस्थापक, आणि अगदी खाली कोपऱ्यात, अर्जाला लावायच्या फोटोएवढी, दीप्ती. 'निवड होण्याआधीच निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' असा मजकूर होता.

नऊची बस नऊला आली. आकारामनं स्वतःहून बस स्टेजला लावली, उतरला आणि राखीव खुर्चीत जाऊन बसला. दीप्तीला मधल्या खुर्चीत बसवलं आणि फेटा बांधला. फेटा मोठ्या डोक्याच्या मापाचा, तो तिच्या भुवयांवर उतरला. बसचं दार तिच्या पाठीमागं, चार पावलांवर उघडं होतं. ती कागदांची फाईल छातीशी धरून उठली की शेजारचं कुणीतरी खांद्याला धरून म्हणायचं, "बस की. आता कुठं? बस हाय की हितंच."

सव्वानऊला उपव्यवस्थापक जीपमधून आले. मुलाखत घेणाऱ्यांत तेच मुख्य होते, त्यामुळं दीप्तीचा जीव थोडा भांड्यात पडला. साहेब इथं आहेत तोवर तिकडं मुलाखत सुरू होणार नाही, असा तिनं हिशेब केला. साहेबांनी तिला हार घातला आणि 'वेळेचे महत्त्व' या विषयावर भाषण केलं. बोलले सुंदर. जपानमध्ये गाडी अर्धा मिनिट उशिरा आली तर अधिकारी माफी मागतो, असं त्यांनी सांगितलं आणि लोकांनी जपानसाठी टाळ्या वाजवल्या. पंचवीस मिनिटांनी ते घड्याळ बघून दचकले. "मला दहाला मुलाखती सुरू करायच्यात," असं म्हणून फेट्यासकट जीपकडं निघाले.

दीप्ती मागं धावली. "साहेब, मी बी येतो तुमच्या जीपमधनं."

"अहो ताई, जीपचं तिकीट कुठं असतं?" साहेब प्रेमानं म्हणाले. "अट आहे ना. बसनंच या. शुभेच्छा!"

जीप गेली. मग बाळासो बोलले. मग आकाराम, आपण बोलणारा माणूस नाही याबद्दल, बोलला. मग सत्कारमूर्तीचं मनोगत पुकारलं. दीप्तीच्या हातात माईक आला. तिनं समोरच्या गर्दीकडं बघितलं आणि म्हणाली, "मला जाऊ द्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतकं थोडक्यात आणि विनम्र भाषण वैरण अड्ड्यानं ऐकलं नव्हतं. केरबानं शिट्टी मारली. गर्दीत मागं उभी असलेली चिमणाबाई एकटीच ओरडत होती, "आरं सोडा की तिला, लेकरू रडतंय ते!" पण हलगी सुरू झाली होती, आणि हलगीपुढं कुणाचं काय चालतंय? आभार मानून बस सुटली तेव्हा दहा वाजून गेले होते.

दीप्ती ऑफिसात पोचली तेव्हा साहेब शेवटच्या उमेदवाराचे कागद तपासत होते. फेटा त्यांनी अजून काढला नव्हता. तिनं तिकीट टेबलावर ठेवलं.

"दहाची वेळ होती, ताई. हजेरी बंद झाली."

"साहेब, बस उशिरा सुटली."

"मंडळाची बस उशिरा सुटत नाही. अहवाल आहे."

"अवो, मी तुमच्यासमोरच बसलो होतो की स्टेजवर! तुम्हीच हार घातला."

"घातला ना," साहेब हळहळून म्हणाले. "म्हणूनच मी खात्रीनं सांगू शकतो, दहा वाजता तुम्ही इथं नव्हता."

जिची निवड झाली तिच्या वस्तीला जलद बस स्थानकच नव्हतं. त्यामुळं तिला तिकिटाची अट लागू नव्हती, आणि ती सायकलवरून वेळेवर आली होती.

परतीची बस वैरण अड्ड्यावर थांबत नाही. दीप्ती खिडकीतून आपलं घर मागं जाताना बघत बावड्याच्या डेपोत गेली, शिडीवरून उतरली आणि फेट्याचं बोचकं काखेत मारून चालत परत आली. घरात शिरल्यावर ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली. भरतीची वयाची मर्यादा तिच्यासाठी यंदाच संपत होती. पुढची भरती कधी, हे मंडळालाही माहीत नव्हतं. चिमणाबाई तशीच उठून तालमीत गेली आणि पन्नास माणसांदेखत बाळासोंना म्हणाली, "माझ्या लेकीच्या तोंडचा घास घालवलासा तुम्ही!"

बाळासो खाली मान घालून उभे राहिले. त्यांना खरंच वाईट वाटलं. "आक्का," ते म्हणाले, "पण कार्यक्रम लई भारी झालता ओ."

संध्याकाळी कार्यक्रमाचे फोटो धुऊन आले. एक मोठा करून तालमीच्या भिंतीवर लावला, आणि सगळी वस्ती बघायला लोटली. धोंडुबाईला आपली साडी सापडली. केरबाला आपली शिट्टी सापडली. आकाराम म्हणाला, "माझा डोळा मिटला की वो." ज्यानं त्यानं आधी स्वतःला शोधलं, आणि सापडल्यावर समाधानानं बाजूला झाला.

दीप्ती त्या फोटोत बरोबर मधोमध आहे. फेटा डोळ्यांवर आलाय, मान मागं दाराकडं वळलीय, ती खुर्चीतून अर्धी उठलीय, आणि दोन्ही खांद्यांवर दोन हात आहेत, तिला खाली बसवणारे. हातांच्या मागचे चेहरे कडेला कापले गेलेत. चिमणाबाईनं घरोघर जाऊन विचारलं, हे हात कुणाचे? कुणी कबूल झालं नाही. जो तो म्हणाला, मी तर खाली उभा राहून टाळ्या वाजवत होतो.

तिच्या "मला जाऊ द्या"ला मघाशी आपणही हसलात. तेव्हा फोटो एकदा नीट बघून घ्या. खाली गर्दीत सापडलात तर ठीक. नाही सापडलात, तर ते दोन हात तेवढे बघा.